जुनी रेकॉर्ड ऐकताय? आधी षड्ज तपासा

(टेबलावर लॅपटॉप, इअरफोन, मोबाइल. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप.)

नमस्कार मंडळी. आधी या क्लिपचा शेवट ऐका.

(क्लिप: घरघर, गाणं संपतं, बाईंचा आवाज: "माय नेम इज गौहर जान.")

गाणं संपल्यावर बाई इंग्रजीत नाव सांगतात. हा तोरा नव्हे, सोय होती. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रणं झाली आणि तबकड्या छापायला गेल्या जर्मनीला, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावं आणि लेबल बरोबर लागावं, म्हणून ही घोषणा. जुनं काहीही ऐकताना हे डोक्यात ठेवा: कानावर पडतं त्यातलं काही गवयाचं असतं आणि काही यंत्राचं.

७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची, एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. लोकलनं ठाणं सोडलं आणि मुलुंडचा फलाट दिसायला लागला, की संपली. एवढ्यात विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत विस्तारानं गायचा राग, मांडणार कसा? म्हणून गवई थेट बंदिशीवर येतात, लय चढी ठेवतात, स्थायी-अंतरा उरकून ताना घेतात आणि कधी कधी तर अक्षरशः घाईत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठतात. तेवढ्यावरून "यांच्या गाण्यात आलापी नव्हतीच" असं ठरवू नका. उलट तीन मिनिटांत राग उभा करणं हे वेगळंच कसब. केसरबाई केरकरांची भैरवीतली 'जात कहाँ हो' साडेतीन मिनिटांचीच आहे आणि १९७७ साली ती व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. लाँग प्ले तबकडी आली १९४८ ला, आधी अमेरिकेत. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात. ठाण्याहून वाशीची गाडी पकडली, तर साधारण कोपरखैरणे-तुर्भ्यापर्यंत एक बाजू.

१९२५ च्या आधीचं मुद्रण कर्ण्यातून व्हायचं, मायक्रोफोन नव्हताच. कर्णा खालचे स्वर आणि वरची झळाळी दोन्ही गाळतो. त्यामुळे तबल्याचा डग्गा जवळपास गायब असतो आणि आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. तो दोष गळ्याचा नाही.

आता मुख्य गोष्ट, वेग. "७८" हा आकडा सुरुवातीच्या काळात फार काटेकोर नव्हता. तबकडी ज्या वेगानं कोरली, त्याच वेगानं फिरवून ती डिजिटल केली असेलच असं नाही. खासगी मैफलींच्या टेपचंही तेच: मुद्रणाचं मशीन एक, वाजवण्याचं दुसरं. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो आणि ३ मिनिटं २० सेकंदांचं गाणं ३ मिनिटं ९ सेकंदांत संपतं. गवई तरुण वाटायला लागतो, तान अचाट. लोक व्हिडिओखाली "काय तयारी!" लिहून मोकळे.

(मोबाइल उचलून दाखवतो.)

हे घरी असं तपासा. अ‍ॅपमध्ये तानपुरा लावा, पट्टी काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी). रेकॉर्डमध्ये गवई समेवर येऊन षड्जावर, म्हणजे 'सा'वर, थांबतो, ती जागा पकडा. तिथे तानपुरा जुळतो का बघा. नाही जुळला तर अ‍ॅपमधली पट्टी एकेक सूर हलवा. समजा तो काळी एकच्या लगेच वरच्या पांढरी दोनवर जुळला. आता त्याच गायकाची त्याच काळातली, शक्यतो अधिकृत प्रकाशनातली आणखी दोन-तीन मुद्रणं ऐका. ती सगळी काळी एकच्या आसपास निघाली, तर तुमची फाइल अर्ध्या स्वरानं पळतेय. फरक थोडासाच असेल, तर मात्र सोडून द्या. मैफलीत तानपुरे दर वेळी नेमक्या पट्टीला लागतातच असं नाही, आणि वयानुसार गायक पट्टी उतरवतातही.

ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी. टेपमध्ये विजेची 'हूं' अशी गुणगुण असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या भागाचा स्पेक्ट्रम (कोणत्या कंपनाचा आवाज किती, याचा आलेख) काढा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. गुणगुण ५३ ला दिसली, तर टेप सहा टक्के जलद आहे. बरोबर ५० ला दिसली, तरी लगेच खूश होऊ नका. डिजिटल करताना लागलेली गुणगुणसुद्धा ५० चीच असते.

दुरुस्ती करताना हमखास होणारी चूक: यूट्यूबचा वेग ०.९५ करायचा. त्यानं लय कमी होते, सूर तिथेच राहतो, म्हणजे आधीच बिघडलेल्यात भर. इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी जी फाइल डाउनलोड करायला दिलेली असते ती घ्या, ऑडॅसिटीत उघडा आणि वेग व सूर एकत्र बदलणारा इफेक्ट निवडा. अर्धा स्वर उतरवायला आकडा टाका ०.९४४. फाइल न बदलता नुसतं ऐकायचं असेल, तर व्हीएलसी हा प्लेअर चालेल. पण त्याच्या ऑडिओ सेटिंगमधला टाइम स्ट्रेचिंगचा पर्याय आधी बंद करा, नाहीतर तेही यूट्यूबसारखंच वागतं.

ऐकण्याच्या बाकी सेटिंग्ज पटकन सांगतो. यूट्यूबच्या गिअरमध्ये 'स्टेबल व्हॉल्यूम' दिसला तर बंद करा. तो हळू आलाप वर उचलतो, तार सप्तक दाबतो आणि गाण्याचा चढउतार सपाट करून टाकतो. आवाज एकाच कानात येत असेल, तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू करा. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा 'सा', साधारण ६९ हर्ट्झला असतो, तो त्या एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाही. एकाच मुद्रणाच्या दोन अपलोड असतील, एक घरघरीची आणि एक 'क्लीन' केलेली, तर आमचं मत घरघरीच्या बाजूनं. जास्त धुतलेल्या फाइलमध्ये तानपुरा आणि श्वासही धुऊन जातात आणि गवई पाण्याखालून गातोय असं वाटतं.

लेबलांवर डोळे झाकून विश्वास नको. एक सोपी खूण सांगतो. आकाशवाणीनं १९४० पासून जवळजवळ तीन दशकं पेटीला बंदी घातली होती. वर्णनात "रेडिओ, १९५५" लिहिलंय आणि साथीला पेटी आहे? मग साल तरी चुकलंय, नाहीतर ती बाहेरची मैफल आहे. शोधतानाही रागाच्या नावापेक्षा बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द टाका, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत. निकाल बरेच वेगळे येतात.

आणि मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचा ऑट्रिम प्रकल्प जरूर बघा. त्यात गाणं चालू असताना सुराची रेघ पडद्यावर सरकते, आडव्या रेषा म्हणजे स्वर. दरबारीतला गंधार काढा. कानाला जो एकच स्वर वाटतो, तो रेघेवर सावकाश हेलकावे खाताना दिसतो. आंदोलन म्हणजे काय, हे यानंतर निराळं समजावून सांगावं लागत नाही.

आता माहितीपट. फिल्म्स डिव्हिजननं केलेला उस्ताद अमीर खाँसाहेबांवरचा १९७० चा, मल्लिकार्जुन मन्सूरांवरचा 'रसयात्रा', गुलजारांचा भीमसेन जोशींवरचा, इथून सुरुवात करा. एक अडचण लक्षात घ्या. फिल्मच्या एका रिळात दहा-अकरा मिनिटंच मावायची. तासाभराचा राग सलग टिपणं शक्यच नव्हतं, म्हणून मध्येच नदी, देऊळ, श्रोत्यांचे चेहरे येतात. चित्र आणि आवाज एकाच वेळचे आहेत का, हे ओळखायचं तर गायकाकडे बघू नका, तबलजीच्या हाताकडे बघा. समेला हात पडतो आणि बोल ऐकू येतो, हे दोन्ही एकदमच झालं पाहिजे. दोन-तीन आवर्तनं मोजा, जोडकाम असेल तर लगेच कळतं.

नवी मुंबईकरांनी दिग्दर्शक मणी कौल यांचा १९८२ चा माहितीपट 'ध्रुपद' चुकवू नये. त्यात झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा वाजवतात आणि त्यांचे धाकटे भाऊ झिया फरीदुद्दीन गातात. डागरांचं गुरुकुल पनवेलजवळ, पळस्प्याला. हा चित्रपट मात्र गाडीत बघू नका. आलाप खर्जात रेंगाळतो आणि लोकलचा खडखडाट नेमका तोच भाग गिळतो. गाडीत ७८ ऐका, तिचा सगळा आवाज मधल्या पट्ट्यात असतो, गर्दीतही तग धरतो. 'ध्रुपद' रात्री, पंखा बंद करून, हेडफोन लावून.