दुसऱ्याच्या नावची पत्रं

श्रोते हो, नमस्कार.

गेल्या श्रावणात एका सकाळी माझ्या ईमेलवर एका पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट आला. नाव माझं, आडनावही माझंच. वय मात्र एकसष्ट. मी चाळिशीतली. हा आपला नव्हे, हे लक्षात येईपर्यंत एका अनोळखी बाईंच्या गर्भाशयाच्या तपासणीचा निष्कर्ष माझ्या नजरेखालून गेला होता. त्यांनी कदाचित घरातही सांगितलं नसेल, ते मला कळलं होतं. दिवसभर मन थाऱ्यावर नव्हतं.

माझा पत्ता जुना आहे. जीमेल २००४ साली आलं, तेव्हा कुणीतरी आमंत्रण धाडलं तरच खातं मिळायचं. त्या काळात मला नुसतं नाव-आडनाव मिळालं, पुढे आकडा नाही. माझ्या नावाच्या इतर बायकांच्या पत्त्यात शेवटी जन्मसाल असतं. काउंटरवर सांगताना ते राहतं, नाहीतर टाइप करणारा गाळतो. कधी गिऱ्हाइकाकडे ईमेलच नसतो आणि तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मग पलीकडचा मुलगा नाव-आडनाव जोडून देतो ठोकून. मध्ये टिंब घातलं की पत्ता वेगळा झाला, असंही पुष्कळांना वाटतं. जीमेल ते टिंब मोजतच नाही. घाला, काढा, पत्र माझ्याकडेच येतं.

वीजबिलं येतात, कर्जाच्या हप्त्यांचे तगादे येतात. रेल्वेचं तिकीट येतं, त्यावर डबा, बर्थ आणि तारीख. म्हणजे अमक्या दिवशी ही बाई गावाला चालली आहे, हे मला ठाऊक. बँकेच्या पत्रकांना पासवर्ड असतो, पण तो कसा बनतो हे बहुधा त्याच ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. ई-आधारचंच बघा. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव आधीच हाती असेल, तर वर्ष शोधायला शंभर प्रयत्नही पुष्कळ झाले. आणि एखाद्या खात्याला माझा पत्ता जोडलेला असेल, तर ‘पासवर्ड विसरलात?’ एवढं दाबलं की नवी किल्ली माझ्या हातात पडू शकते. माझ्या जागी कुणी लबाड असता तर?

मोठ्यांचंही असंच होतं. अमेरिकी लष्कराच्या पत्त्यांचा शेवट ‘डॉट एमआयएल’. त्यातला ‘आय’ गळला की उरतं ‘डॉट एमएल’, म्हणजे आफ्रिकेतल्या माली देशाच्या पत्त्यांचा शेवट, आणि पत्र तिकडे जातं. त्या देशाच्या पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या एका डच गृहस्थांनी २०२३ च्या पहिल्या सहा-सात महिन्यांतच अशी सुमारे १ लाख १७ हजार पत्रं गोळा करून दाखवली. त्यांत वैद्यकीय कागद होते, लष्करप्रमुखांच्या इंडोनेशिया दौऱ्यातल्या हॉटेलच्या खोल्यांचे क्रमांकही होते.

मला राग येतो तो पाठवणाऱ्यांचा. पत्ता नोंदवताना त्यावर एक ईमेल टाकायचा आणि ‘हो, हा माझाच’ असं उत्तर आल्याशिवाय पुढे काही धाडायचं नाही, एवढंच तर काम आहे. वैयक्तिक माहिती नीट सांभाळली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. तरी काउंटरवर तीच घाई.

तेव्हा पत्ता तोंडी सांगू नका, स्वतः लिहून द्या आणि तिथेच उभं राहून ईमेल आला का ते बघा. दुसऱ्याचं पत्र तुमच्याकडे आलं, तर सोबतची फाइल उघडू नका, त्यातली लिंक दाबू नका. चुकून आल्यासारखं दिसणारं पत्र मुद्दाम टाकलेलं आमिषही असतं. संस्थेचा नंबर त्या पत्रातून नव्हे, बाहेरून शोधून फोन करा आणि पत्र पुसून टाका.

मीही लॅबला फोन केला. “मॅडम, आमच्याकडे हाच आयडी आहे,” असं दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा एका तंत्रज्ञ ताईंनी मनावर घेतलं आणि पत्ता बदलला. बाईंना रिपोर्ट पोचला, असं त्या म्हणाल्या. तो आधी आठवडाभर कुणाकडे होता, हे बाईंना सांगितलं का, असं मी विचारलं. फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.