उडी मोजायची, घर नाही

खेळाचा तास वेगळा आणि अभ्यासाचा वेगळा, ही वाटणी मला पटत नाही. आज मी व्यायामाबद्दल मात्र बोलणार नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. ते करायचंच. माझा प्रश्न वेगळा आहे : हालचालीतून शिकणं नेमकं कधी होतं?

१९६३ साली हेल्ड आणि हाइन या मानसशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. पिल्लं अंधारात वाढवलेली. रोज थोडा वेळ दोन पिल्लांना उजेडात एका फिरत्या दांड्याला जोडायचं. एक स्वतःच्या पायांनी चालणार, दुसरं टोपलीत बसून त्याच्यामागे फिरणार. दोघांना दिसायचं सारखंच. पण चालणारं पिल्लू खोल कड टाळायला शिकलं, टोपलीतलं नाही. पुढे मोकळं सोडल्यावर तेही सावरलं, हे सांगायलाच हवं. म्हणजे नुसतं हलणं पुरत नाही, आपलं आपण हलावं लागतं.

आता बेरीज घ्या. कागदावर आकड्यांची घरं एका ओळीत आखून 'चारात तीन मिळव' म्हटलं की पुष्कळ मुलं चारवर बोट ठेवून 'एक' म्हणतात, पाचवर 'दोन', सहावर 'तीन'. उत्तर सहा! कितीही समजावा, पुन्हा तेच. तीच घरं खडूने जमिनीवर आखा, मुलीला चारवर उभी करा. आता उडी मोजायची, घर नाही. तिने जागेवरच 'एक' म्हटलं, तर बाकीची मुलंच ओरडतात, ''अगं, उडी कुठे मारलीस?'' वजाबाकीला मागे उड्या मारायच्या, तर मुलं पाठ फिरवून पुढे उड्या मारतात. मारू द्या, उत्तर तेच येतं.

इथे उडी म्हणजेच मिळवणं आहे. उड्या मारत पाढे म्हणण्यात तसं काही नाही. त्याने मजा येते, पाठांतराला ठेकाही मिळतो, पण पाढ्याचा अर्थ त्या उडीत नसतो.

३ आणि ६ यांचा घोळ तर सगळ्यांच्याच ओळखीचा. कप उजवीकडून पाहा की डावीकडून, तो कपच. मग आकडा उलटला की बदलतो, हे मुलाने का मानावं? दोन्ही आकडे जमिनीवर मोठे काढा आणि त्यावरून चालायला लावा. सुरुवात वरून. ३ची पोटं उजवीकडे, ६ची डावीकडे, हे चालताना अंगाला कळतं. फक्त हात धरून चालवू नका.

हात धरून गिरवून घेण्याबद्दलही मी साशंक आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरिन जेम्स यांच्या २०१२ च्या अभ्यासात, अजून वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षर स्वतः काढल्यावर ते बघताना मेंदूतले वाचनाशी संबंधित भाग जागे झाले. टाइप करून किंवा नुसतं गिरवून तसं झालं नाही. वेडंवाकडं का होईना, मुलाचं मूल काढू दे.

'उजवा हात डाव्या गुडघ्याला लावा, मेंदूचे दोन्ही भाग जुळतात' असं शिकवणारी शिबिरं असतात. व्यायाम म्हणून ठीक आहे. त्याने वाचन सुधारतं, याला भक्कम पुरावा नाही.

आणि जे मूल उडी मारायला लाजतं, त्याला ओढू नका. त्याच्या हातात एक खडा द्या, तो एकेक घर पुढे सरकवू दे. तीही हालचालच आहे, आणि ती त्याची स्वतःची आहे.