कॅप्टन हेडली व्हेरिटी

श्रोतेहो, नमस्कार.

लीड्सचं हेडिंग्ले मैदान, १२ जुलै १९३२. पावसाने भिजलेली खेळपट्टी हळूहळू सुकतेय. यॉर्कशायरविरुद्ध दुसऱ्या डावात नॉटिंगहॅमशायरने जेवणापर्यंत बिनबाद ३८ धावा केल्यात. आणि जेवणानंतर पाहता पाहता सगळा संघ ६७ धावांत गारद होतो! एका टोकाकडून एकच माणूस बळी घेतोय, यॉर्कशायरचा डावखुरा फिरकी गोलंदाज हेडली व्हेरिटी. १९.४ षटकं, त्यातली १६ निर्धाव, आणि १० धावांत १० बळी. हॅटट्रिकसुद्धा त्यातच. नव्वदहून अधिक वर्षं झाली, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

व्हेरिटीचे वडील कोळशाच्या धंद्यातले. तरुणपणी त्यानेही त्या धंद्यात हात काळे केले. अंगाने उंचापुरा, चेंडू इतर फिरकीपटूंपेक्षा थोडा वेगात टाकायचा, आणि टप्पा इतका अचूक की फलंदाजाला श्वास घ्यायला जागा नाही. १९३४ च्या लॉर्ड्स कसोटीत त्याने ऑस्ट्रेलियाचे १५ बळी घेतले, त्यातले १४ एकाच दिवसात. डॉन ब्रॅडमनला कसोटीत त्याने आठ वेळा बाद केलं. एवढ्या वेळा दुसऱ्या कुणालाच ते जमलं नाही.

आपल्या मुंबईनेही त्याला पाहिलंय. डिसेंबर १९३३, जिमखान्याचं मैदान, भारतात खेळली गेलेली पहिली कसोटी. लाला अमरनाथ यांचं शतक आपल्याला आठवतं, पण समोरच्या संघात व्हेरिटी होता, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. त्या दौऱ्यातल्या तीन कसोटींत त्याने २३ बळी घेतले.

एवढा मोठा खेळाडू, पण इंग्लंडचा कर्णधार होणं त्याच्या नशिबात नव्हतं. कारण तो पैसे घेऊन खेळणारा, व्यावसायिक. कर्णधार व्हायचा तो हौशी, घरंदाज खेळाडू. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकंही वेगळी. मला इथे आपले बाळू पालवणकर आठवतात. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, आणि जातीपायी कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळालं नाही. भिंती वेगवेगळ्या, पण दोघांचीही वाट अडलेली.

१ सप्टेंबर १९३९. हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये शिरलं त्या दिवशी व्हेरिटी होव्हच्या मैदानावर ससेक्सविरुद्ध खेळत होता. सहा षटकांत ९ धावा देऊन त्याने ७ बळी घेतले. यॉर्कशायरसाठी त्याची ती शेवटची गोलंदाजी.

मग तो यॉर्कशायरच्याच ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत अधिकारी झाला. युद्धाचा धोका दिसू लागला तेव्हापासूनच तो लष्करी पुस्तकं वाचत होता. फलंदाजाचा अभ्यास करावा तसा, मन लावून. पलटणीबरोबर तो पुन्हा भारतात आला, रांचीला. तिथे आमांशाने त्याला बेजार केलं. पुढे इराण, इराक, सीरिया, इजिप्त असा प्रवास करत पलटण इटलीच्या सिसिली बेटावर उतरली.

जुलै १९४३, सिसिलीतला कटानियाचा सपाट प्रदेश. रात्रीची वेळ, शेतात उभं पीक, आणि समोरच्या शेतघरातून जर्मनांचा मारा चाललेला. गोळ्यांनी पिकाला आग लागलेली. आपल्या कंपनीला घेऊन व्हेरिटी त्या पिकातून पुढे सरकत होता. तेवढ्यात छातीला लागलं आणि तो कोसळला. पडल्यापडल्याही तो जवानांना सांगत राहिला, पुढे चला, त्यांना त्या घरातून हुसकून लावा. मागे हटायची वेळ आली तेव्हा त्याचा सेवक जवान टॉम रेनल्डसन त्याला सोडून गेला नाही. दोघेही कैद झाले.

जखमी व्हेरिटीला इटलीच्या मुख्य भूमीवर नेलं. कासेर्ताच्या रुग्णालयात बरगडीवर शस्त्रक्रिया झाली, पण रक्तस्राव थांबेना. ३१ जुलैला तो गेला. वय अवघं अडतीस.

कासेर्तातच त्याची कबर आहे. तिच्या पांढऱ्या दगडावर त्याच्या नावाआधी हुद्दा कोरलाय, कॅप्टन.