पटावरची सोंगटी, फोनमधला भुलभुलैया

नमस्कार, श्रोतेहो.

१९७२ साली अमेरिकेत ‘ओडिसी’ नावाचं यंत्र विक्रीला आलं. घरच्या टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं हे पहिलंच यंत्र. आणि त्याच्या खोक्यात काय निघायचं? फासे, पत्ते, खोट्या नोटा! पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ, एवढीच त्या बिचाऱ्याची ऐपत. आवाज नाही, गुण मोजता येत नाहीत. मग मैदानाचं चित्र छापलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर लावायचा आणि गुण आपले आपण लिहायचे. पट आणि पडदा यांची सोयरीक इतकी जुनी आहे. हे मी आमच्या चार विद्यार्थ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांचे चेहरे पडले. शोध आपणच लावला, असं वाटत होतं त्यांना.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट म्हणून निवडला सारीपाट. खेळ असा, की मारलेली सोंगटी लगेच पटाबाहेर जात नाही. तिच्या मालकाच्या फोनवर भुलभुलैया उघडतो. अर्ध्या मिनिटात वाट सापडली, तर सोंगटी जगली. मला हे आवडलं. एरवी मार खाल्लेला माणूस नुसता चडफडत बसतो, त्याला निदान धडपडायला तरी मिळतं.

पण कुठली सोंगटी कुठल्या घरात आहे, हे फोनला कळणार कसं? सारीपाटाला चार पट्टे, एकेकात चोवीस घरं, म्हणजे शहाण्णव. पोरांनी प्रत्येक घराखाली रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की चालू होणारा छोटा स्विच, बसवायला घेतला आणि सोंगट्यांच्या बुडाला लोहचुंबक चिकटवले. सोल्डरिंग करून बोटं भाजल्यावर लक्षात आलं, की त्या स्विचला चुंबक आल्याचं तेवढं कळतं. सोंगटी लाल की पिवळी, ते त्याला काय ठाऊक! मेट्रोच्या कार्डात असते तसली चिप वापरावी, तर ती वाचणारी शहाण्णव यंत्रं घेणं खिशाला परवडेना. शेवटी टेबललॅम्पच्या दांड्याला एक फोन उलटा टांगला आणि सोंगट्यांच्या डोक्यावर काळ्यापांढऱ्या चौकटींचे ठसे चिकटवले. ‘ओपनसीव्ही’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये असे ठसे ओळखण्याची सोय आयतीच आहे. तरी कुणाचा हात मध्ये आला की सोंगट्या गायब! त्यावर उपाय अगदी साधा निघाला. पटावर हालचाल असेतो बघायचंच नाही, पट शांत झाला की मोजायचं.

यंत्र चालायला लागलं आणि खेळ मेला. कारण हौसेनं त्यांनी दानसुद्धा फोनमध्ये घातलं होतं. बटण दाबा, आकडा बघा. चौघं चार स्क्रीनमध्ये मान घालून बसलेले, मध्ये पट पोरका.

मी म्हटलं, कवड्या आणा. सहा कवड्या. जितक्या उताण्या, तितकं दान. पण एकच उताणी पडली तर दहा, आणि सगळ्या पालथ्या तर पंचवीस. कवड्या मुठीत खुळखुळल्या आणि पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. हाताला ज्यात मजा येते, ते यंत्राला देऊ नये, या मताला मी तिथं आलो. यंत्राला गुपित सांभाळायला द्यावं. २०१४ साली आलेल्या ‘अल्केमिस्ट्स’ या खेळात फोन नेमकं तेच करतो. औषधी घटकांचे दोन पत्ते कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि त्यांचं मिश्रण काय होतं ते फोन सांगतो. कुठल्या घटकात काय दडलंय, हे टेबलावरच्या कुणालाच माहीत नसतं. माणसाला हे काम दिलं, तर त्याला खेळता येणार नाही.

मग एका विद्यार्थ्याच्या आजींना खेळायला बोलावलं. पहिलाच डाव, आणि आजी फोनला सांगताहेत, “आमच्यात असं नसतं!” सारीपाटाचे नियम घरागणिक बदलतात. चौघांत बसून तोडगा काढता येतो, पण फोन काही ऐकून घेत नाही. पोरांनी मुकाट्यानं ‘घरचे नियम’ असा नवा विभाग केला. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात शहाणा भाग तोच, जरी रिपोर्टमध्ये त्याला अर्धंच पान मिळालं.

तिसऱ्या डावात आजींनी सोंगटी हळूच एक घर पुढे सरकवली. टेबलावर कुणाला कळलं नाही. वर टांगलेल्या फोनला मात्र दिसलं. त्यानं बोलावं की गप्प बसावं, यावरून चौघांत दोन तट पडले. सबमिशन होऊन गेलं, तरी ते भांडण चालूच आहे.