घडीचा लॅपटॉप आणि ग्राफिक्स : नाव नको, वॉट सांगा

नमस्कार. लॅपटॉप घ्यायचा ठरला आणि ग्राफिक्सचं काम असलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "कार्ड कोणतं?" जाडजूड गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत त्या प्रश्नानं बरंच काही कळतं. आपला आजचा विषय मात्र दीड-पावणेदोन सेंटिमीटर जाडीचा, बिजागरीवर पूर्ण ३६० अंश फिरणारा कन्व्हर्टिबल आहे, आणि त्यात कार्डाचं नाव फार थोडं सांगतं. इथे प्रश्नांचा क्रम बदलावा लागतो. माझं सॉफ्टवेअर या चिपवर चालतं का? चालत असेल, तर अर्ध्या तासानंतरही तसंच चालतं का? आणि मग, किती वेगानं? जे सॉफ्टवेअर उघडतच नाही, त्याचा वेग मोजून करायचंय काय?

म्हणून आधी सुसंगतता. डायरेक्टएक्स म्हणजे विंडोजवरचे गेम आणि ग्राफिक्स चिप यांच्यातला दुवा. "डायरेक्टएक्स १२ आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. विंडोजमधली डायरेक्टएक्सची आवृत्ती वेगळी आणि चिपची फीचर लेव्हल, म्हणजे चिपला प्रत्यक्ष काय काय जमतं याची पातळी, वेगळी. आजच्या विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असतंच. पण मेश शेडर या नव्या रेखाटन-पद्धतीशिवाय न चालणाऱ्या गेमला फीचर लेव्हल १२_२ लागते, आणि कितीतरी पातळ लॅपटॉपांत असलेलं इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स १२_१ वर थांबतं. सेटिंग कितीही खाली आणा, ती उणीव भरून निघत नाही. विंडोज-आर दाबून 'डीएक्सडायग' टाइप करा, डिस्प्लेच्या टॅबमध्ये 'फीचर लेव्हल्स' ही ओळ वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

जुन्या सॉफ्टवेअरचीही अडचण असते. इंटेलच्या १२व्या पिढीपासूनच्या इंटिग्रेटेड (प्रोसेसरमध्येच असलेल्या) ग्राफिक्समध्ये डायरेक्टएक्स ९ ला थेट आधार नाही. ते काम मायक्रोसॉफ्टच्या एका रूपांतर-थरातून डायरेक्टएक्स १२ वर जातं. बहुतेक जुने गेम त्यातून चालतात, काही मधूनच अडखळतात, एखाद्यात सावल्या किंवा पोत चुकीचे दिसतात. तुमचं रोजचं काम एखाद्या जुन्या प्रोग्रामवर अवलंबून असेल तर तोच प्रोग्राम चालवून बघा, बेंचमार्क (वेग मोजणारी तयार चाचणी) नको.

कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न आणखी टोकदार होतो. कूडा, म्हणजे ग्राफिक्स चिपवर गणितं करवायची एनव्हिडियाची प्रणाली, मागणारं सॉफ्टवेअर एनव्हिडियाशिवाय त्या मार्गानं चालणार नाही, तिथे दुसऱ्या कंपनीचं ग्राफिक्स दुप्पट वेगवान असलं तरी फरक पडत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीनं सायकल्स रेंडररमधून (अंतिम चित्र तयार करणाऱ्या भागातून) ओपनसीएल हा खुला मार्ग काढून टाकला. आता विंडोजवर कूडा, ऑप्टिक्स, एएमडीसाठी हिप आणि इंटेलसाठी वनएपीआय एवढेच मार्ग आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाची चालणाऱ्या चिप्सची आपापली यादी आहे. तुमचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स त्या यादीत नसेल तर मॉडेलिंग छान होईल, पण रेंडर सगळा प्रोसेसरवर पडेल. ते कळतं पहिला मोठा सीन रेंडरला लावल्यावर, आणि तोपर्यंत लॅपटॉप परत करायची मुदत संपलेली असते.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र गणित उलटं फिरतं. बऱ्याच कॅमेऱ्यांतून एचईव्हीसी या कोडेकमधली (व्हिडिओ आवळायच्या पद्धतीतली), १०-बिट, ४:२:२ अशी जास्त रंग-तपशिलाची फाइल येते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं क्विकसिंक, म्हणजे चिपमधला व्हिडिओसाठीचा भाग, ती हार्डवेअरमध्ये उलगडतं. एनव्हिडियाच्या बाजूला ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत नव्हती. म्हणजे अशा फुटेजची टाइमलाइन पुढेमागे सरकवताना, वेगळं कार्ड नसलेला पातळ इंटेल लॅपटॉप आरटीएक्स ४० च्या कार्डापेक्षा सुरळीत वाटू शकतो. तुमच्या कॅमेऱ्यातून कोणता कोडेक येतो हे माहीत नसताना लॅपटॉप निवडू नका.

आर्म प्रोसेसरचे कन्व्हर्टिबल आता चांगले मिळतात: हलके, थंड, बॅटरी दिवसभर पुरते. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले प्रोग्राम विंडोज त्यांवर अनुकरणातून चालवतं. मात्र ड्रायव्हरचं अनुकरण होत नाही, ते आर्मसाठीच बनलेले लागतात. त्यामुळे आर्मसाठीची अँटी-चीट (फसवेगिरी पकडणारी यंत्रणा) नसलेले ऑनलाइन गेम, जुने डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी पोर्टमध्ये लावायची कळ), काही खास मोजमापाची यंत्रं इथेच अडतात. ओपनजीएल या डायरेक्टएक्ससारख्याच दुसऱ्या दुव्याची ३.३ च्या पुढची आवृत्ती मागणाऱ्या काही प्रोग्रामांनाही अडचण येऊ शकते. लिहिणं, वाचणं, पेननं टिपणं काढणं हे काम असेल तर आर्म घ्यायला माझी काहीच हरकत नाही. कॅड किंवा गेम असेल तर प्रत्येक प्रोग्रामचं नाव घेऊन खात्री करा.

ड्रायव्हर किती वर्षं मिळणार, हाही सुसंगततेचाच भाग. २०१८ मध्ये इंटेलनं कोअर आय७-८७०५जी नावाचा प्रोसेसर आणला. एकाच पॅकेजमध्ये इंटेलचा प्रोसेसर, एएमडीचं रेडिऑन आरएक्स व्हेगा एम ग्राफिक्स आणि ४ जीबी एचबीएम२ मेमरी. डेलच्या एक्सपीएस १५ टू-इन-वनमध्ये आणि एचपीच्या स्पेक्टर एक्स३६० १५ मध्ये तो आला. एवढ्या पातळ घडीच्या लॅपटॉपात त्या काळी ती मोठीच झेप होती. पण ग्राफिक्स एकाचं आणि पॅकेज दुसऱ्याचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंटेलनं ही मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ड्रायव्हर नेमका कोणाकडून येणार हा प्रश्न मालकांच्या वाट्याला राहिला. हार्डवेअर ठणठणीत असताना नवे गेम अडकायला लागतात ते असे. म्हणून चिप जितकी आगळीवेगळी, तितका ड्रायव्हरचा इतिहास जास्त बारकाईनं बघा. शेवटचा ड्रायव्हर कधीचा आहे, आणि तो चिप बनवणाऱ्याकडून थेट बसतो की लॅपटॉप कंपनीच्याच पानावरून घ्यावा लागतो?

आता वॉट, म्हणजे चिपला मिळणारी वीज. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०५० कार्डाचा लॅपटॉप अवतार ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवता येतो. नाव तेच, कोअर तेवढेच, मेमरी तीच ६ जीबी. पातळ कन्व्हर्टिबलमध्ये तो बहुधा खालच्या टोकाला असतो. वॉट तिसऱ्या हिश्श्यावर आले म्हणून वेग तिसऱ्या हिश्श्यावर येत नाही. चिपची वीज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वरचे शेवटचे काही मेगाहर्ट्झ फार महाग पडतात आणि खालचे स्वस्त. तरीही फरक मोठाच राहतो. चाळीस वॉटवर गुदमरणाऱ्या वरच्या कार्डापेक्षा ऐंशी वॉट मिळणारं खालचं कार्ड पुढे जाऊ शकतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' ही ओळ दिसते. माहितीपत्रकात हा आकडा छापलेला नसेल, तर तो कमी आहे असं धरून चाला.

इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये विजेचं एकच ताट आणि जेवणारे दोन. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १५ किंवा २८ वॉटांत भागवतात. सुरुवातीच्या काही सेकंदांत, फार तर मिनिटभर, चिप त्याच्या दुप्पटही घेते. छोटे बेंचमार्क नेमके त्याच काळात आटोपतात आणि आकडा देखणा येतो. पुढे मर्यादा लागू झाली की प्रोसेसरच्या टर्बोनं (तात्पुरत्या वाढीव वेगानं) खाल्लेला प्रत्येक वॉट ग्राफिक्सच्या वाट्यातून जातो. प्रयोग म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करून बघा. त्यानं टर्बो बंद होतो आणि ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये फ्रेम कधी कधी वाढतात. प्रोसेसरवर भार असेल तर उलट घटतात, मग सेटिंग पूर्ववत करा.

आणि आता घडी. हा भाग माहितीपत्रकात कधीच नसतो, म्हणून जरा सावकाश बघू. लॅपटॉप उलटा करून हातात घ्या. तळाला हवा आत घ्यायची जाळी दिसेल, बिजागरीच्या बाजूला गरम हवा बाहेर टाकायची फट दिसेल. आता स्क्रीन पूर्ण मागे फिरवून टॅबलेट करा. कोणते पृष्ठभाग एकमेकांना भिडले? स्क्रीनची पाठ आणि लॅपटॉपचा तळ. म्हणजे हवा आत घ्यायची जाळी दोन पत्र्यांच्या मधोमध अडकली. आता तिला हवा मिळते ती फक्त रबरी पायांच्या उंचीएवढ्या फटीतून, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरमधून. पंखा जोरात फिरतो, आवाज वाढतो, हवा मात्र पुरेशी येत नाही. तंबूसारखा उभा केला की हाच तळ मोकळा होतो, कारण दोन पत्र्यांमध्ये त्रिकोणी जागा राहते. कीबोर्ड टेबलावर पालथा ठेवून स्क्रीन पुढे केली तरी जाळी उघडीच राहते. जड काम पेननं करायचं असेल तर याच दोन अवस्था वापरा, पूर्ण घडी टिपणांपुरती ठेवा. काही कंपन्या अवस्था ओळखून विजेची मर्यादा आपणहून उतरवतात, कारण टॅबलेट हातात धरायचा असतो आणि पृष्ठभाग चटका देऊन चालत नाही. असा लॅपटॉप टॅबलेट अवस्थेत मंद वाटला तर तो बिघडलेला नाही, तो तसाच बनवलाय.

हे सगळं मोजायचं कसं? अर्धा तास द्या. चार्जर लावा, पॉवर मोड सर्वोच्च ठेवा, एचडब्ल्यूइन्फो हे मोजमापाचं सॉफ्टवेअर उघडून नोंद सुरू करा: पॅकेज पॉवर (चिपची एकूण वीज), ग्राफिक्सची फ्रिक्वेन्सी, तापमान. मग थ्रीडीमार्क या चाचणी-सॉफ्टवेअरची स्ट्रेस टेस्ट लावा. एकच दृश्य २० वेळा चालतं आणि फ्रेम रेट ९७ टक्के स्थिर राहिला तरच ती उत्तीर्ण धरली जाते. पातळ लॅपटॉप अनुत्तीर्ण झाला म्हणून घाबरू नका, तो कसा घसरला ते बघा. समजा पॅकेज पॉवर ४० वॉटांवरून मिनिटभरात २५ वर आली आणि मग सपाट राहिली, तापमान ८० च्या आसपास. ही नुसती मर्यादा झाली. ते २५ वॉट म्हणजेच तुमचा खरा लॅपटॉप, निवड त्यावरच करा. पण आलेख करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत असेल आणि तापमान ९५ च्या पुढे टेकत असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही. जाळीतली धूळ, पंखा, थर्मल पेस्ट तपासावी लागेल, आणि यंत्र नवं असेल तर सरळ बदलून मागा. हीच चाचणी पुन्हा तंबू अवस्थेत आणि पुन्हा बॅटरीवर करा. तिन्ही आकडे वेगळे येतील.

चार्जरकडेही लक्ष असू द्या. ग्राफिक्सला ३५ वॉट, प्रोसेसरला २८, वर स्क्रीन आणि पंखे, एवढ्यात ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर संपला. मग प्लग लावलेला असतानाही बॅटरी हळूहळू उतरते, आणि तासाभरानं वेग अचानक का पडला हे कळत नाही.

मेमरीचं गणित सोपं आहे आणि इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये निर्णायक आहे. डीडीआर४-३२०० रॅमचा एक चॅनल (रॅमपर्यंतची एक वाट) सेकंदाला २५.६ जीबी वाहतो, दोन चॅनल ५१.२. एलपीडीडीआर५-६४०० पूर्ण १२८-बिट रुंदीवर १०२.४. ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यानं ते याच पाइपावर जगतं. एकच चॅनल असेल तर आयरिस एक्सईची चिप असूनही विंडोजमध्ये नाव नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' दिसतं. पातळ लॅपटॉपात रॅम सोल्डर केलेली असते, नंतर काही करता येत नाही. त्यात विंडोज ग्राफिक्सला साधारण निम्म्या रॅमपर्यंत वाटून देतं, म्हणून ८ जीबी घेऊच नका. १६ किमान, सीन किंवा टाइमलाइन मोठी असेल तर ३२.

मग हा सगळा वेग खर्च होतो पिक्सेलांवर. १९२० गुणिले १२०० म्हणजे २३ लाख पिक्सेल. २८८० गुणिले १८०० म्हणजे जवळपास ५२ लाख, सव्वादोन पट. ३८४० गुणिले २४०० म्हणजे ९२ लाख, चौपट. चौपटवाल्या स्क्रीनचा एक फायदा आहे: गेम १९२० गुणिले १२०० वर चालवला की एका पिक्सेलचे बरोबर चार होतात, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये इंटिजर स्केलिंग सुरू केलं तर चित्र पुसट होत नाही. २८८० च्या स्क्रीनवर १९२० चा भाग दीड पटीत बसतो, तिथे कडा मऊ पडतात. फ्रेमवरही मर्यादा घाला. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर ४० फ्रेम ठेवल्या तर प्रत्येक फ्रेम स्क्रीनच्या बरोबर तीन रिफ्रेशपुरती, म्हणजे २५ मिलिसेकंद, टिकते आणि हालचाल एकसारखी दिसते. ६० हर्ट्झवर ४० चा भाग जात नाही, तिथे ३० किंवा ६० ठेवा. पातळ लॅपटॉपात ५५ ते ७० च्या मध्ये उड्या मारणाऱ्या फ्रेमपेक्षा स्थिर ४० डोळ्यांना बऱ्या वाटतात, आणि पंखाही शांत राहतो.

बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडायचा विचार असेल तर पोर्ट आधी तपासा. थंडरबोल्ट ४ वर पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड ज्या जोडणीवर चालतं ती) डेटासाठी सेकंदाला ३२ गिगाबिट मिळतात. यूएसबी४ लॅपटॉपवर पीसीआयईची सोय ऐच्छिक आहे, आणि नुसत्या यूएसबी-सी पोर्टवर हे होतच नाही. मॉनिटर थेट त्या बाहेरच्या कार्डाला जोडा. चित्र परत लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणलं की तीच अरुंद वाट दोन्ही दिशांनी भरते.

राहता राहिला पेन. मायक्रोसॉफ्टचा पेन प्रोटोकॉल, वॅकॉमचा एईएस आणि यूएसआय हे तीन वेगळे आहेत. एकाचा पेन दुसऱ्या स्क्रीनवर चालेलच असं नाही, तेव्हा स्क्रीन कोणता प्रोटोकॉल मानते ते मॉडेल क्रमांकावरून बघा. चित्रकलेचे काही जुने प्रोग्राम विंडोज इंक या विंडोजच्या पेन-सोयीऐवजी विनटॅब ही जुनी सोय मागतात, आणि तो ड्रायव्हर नसेल तर रेघ उमटते पण दाब ओळखला जात नाही, सगळी रेघ एकाच जाडीची येते. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये दोन्हींतला पर्याय बदलून बघा. तरीही तसंच राहिलं, तर स्क्रीन बनवणाऱ्याचा विनटॅब ड्रायव्हर आहे का ते शोधा.