ओलं फडकं आणि पोकळ धमकी

(दृश्य : सकाळ. दोन खोल्यांचं घर. पांढऱ्या भिंतीवर निळ्या स्केचपेनच्या रेघोट्या.)

रेघोट्यांची उंची बघा. जमिनीपासून जेमतेम अडीच फूट. चित्रकार कोण, हे वेगळं सांगायला नको. वय वर्षं चार. सध्या पडद्यामागे लपलेली आहे. पाय दिसतायत.

अशा वेळी घरोघरी तीन वाक्यं जिभेवर तयार असतात. "थांब, बाबांना येऊ दे." "परत भिंतीला हात लावलास तर हात मोडून ठेवीन." आणि जरा आधुनिक घर असेल तर, "आता आठवडाभर टीव्ही बंद!"

बाबा येणार रात्री आठला, तोवर पोरगी भिंत विसरलेली असते. हात कोणी मोडणार नाही, हे दोघींनाही ठाऊक असतं. आणि आठवडाभर बंद असलेला टीव्ही त्याच संध्याकाळी सातला आजीच्या मालिकेसाठी सुरू होतो. तिन्ही धमक्या पोकळ. मूल हे फार लवकर ओळखतं.

या घरातल्या आईने वेगळंच केलं. मोरीतून ओलं फडकं पिळून आणलं आणि मुलीच्या हातात दिलं.

"भिंत पुसायची. पुसून झाली की खाली खेळायला जायचं."

आवाज चढलेला नाही. आई शेजारीच मेथी निवडत बसली आहे.

(दृश्य : लहान हात फडकं घासतायत. निळा रंग आणखी पसरतो.)

आता खरं सांगायचं तर भिंत आधीपेक्षा वाईट दिसते आहे. रेघ होती तिथे ढग झालाय. पण मुलीचं लक्ष बघा. ती थांबते, फडक्याचा निळा कोपरा बघते, दुसरा कोपरा शोधते, पुन्हा घासते. खाली मुलांचा आरडाओरडा सुरू आहे, तोही तिला ऐकू येतोय. आपण केलं त्याचं पुढे काय होतं, हे ती मनगटाने शिकते आहे.

तेवढ्यात आजी येते. यायलाच हवी.

"अगं, लहान आहे ती. दे इकडे, मी पुसते."

"आई, पुसू दे तिला. तुम्ही चहा घ्या."

आजी चहा घेत नाही. खाली बसते आणि बोटाने भिंतीवर एक चौकोन आखते. "बरं, एवढा तुकडा तुझा. वरचा माझा."

आम्हाला हा तोडगा आईच्या मूळ हुकमापेक्षाही आवडला. चार वर्षांच्या हाताला झेपेल एवढंच काम, पण काम टळलं नाही. पुसून झाल्यावर स्केचपेनं कपाटावर गेली. "पेन कागदावर चालवायचं. उद्या परत मिळेल." दुसऱ्या दिवशी ती खरंच परत मिळाली.

(दृश्य : जुनी युरोपीय चित्रं, छापील पानं.)

शिक्षेऐवजी परिणाम, हा विचार काही आजकालच्या पालकवर्गांतून निघालेला नाही. फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ साली लिहिलं की मुलाने खोलीची खिडकी फोडली तर लगेच नवी काच बसवू नका. रात्रंदिवस वारा लागू दे. सर्दी झाली तरी चालेल, मूर्ख राहण्यापेक्षा ते बरं. पुढे इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने १८६१ साली हाच धागा पकडला. त्याचं उदाहरण रोजच्यातलं आहे : फिरायला निघताना एक मुलगी दर वेळी तयार नसते, सगळ्यांना ताटकळत ठेवते. तिला रागावू नका, सरळ तिच्याशिवाय निघा. हाच तो स्पेन्सर, ज्याच्या विचारांचा आपल्या गोपाळ गणेश आगरकरांवर मोठा प्रभाव होता.

जाता जाता एक गोष्ट. रूसोने स्वतःची पाच मुलं अनाथालयात ठेवली होती आणि स्पेन्सरने लग्नच केलं नाही. मुलं कशी वाढवावीत, याचे सल्ले देणाऱ्यांचा इतिहास असा आहे.

विसाव्या शतकात रुडॉल्फ ड्रायकर्स या मानसोपचारतज्ज्ञाने या विचाराला वापरण्याजोगा आकार दिला. जन्म व्हिएन्नाचा, पुढची कारकीर्द शिकागोत. त्याने परिणामांचे दोन भाग केले. एक आपोआप होणारा : स्वेटर घातला नाही, थंडी वाजली. दुसरा मोठ्यांनी ठरवलेला, पण चुकीशी थेट नातं असलेला : भिंत रंगवली, भिंत पुसायची. दुसऱ्याची गरज पडते, कारण पहिला प्रत्येक वेळी परवडत नाही. गॅसची शेगडी, गच्चीचा कठडा, रस्त्यावरची रिक्षा, इथे कुणी परिणामाची वाट बघत बसत नाही. मूल उचलायचं. दातांचंही तसंच. रात्री ब्रश न केल्याचा परिणाम दिसायला महिनोन्‌महिने जातात, आणि तोवर दाढ गेलेली असते.

(दृश्य : बालवाडी. लहान टेबलं, काचेचे पेले, पाण्याचा जग.)

१९०७ साली रोममध्ये इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. तिथे मुलांच्या हाती खऱ्या काचेची आणि चिनीमातीची भांडी दिली जात. का? तर पडली की फुटतात. खुर्च्या मुद्दाम हलक्या, धक्का लागला की आवाज करत पडणाऱ्या. चूक सांगायला बाईंची गरज नाही, वस्तूच सांगते. आपल्याकडे स्टीलच्या पेल्याने ही सोय काढून घेतली. तो कितीही आपटा, एखादा पोचा पडतो, बस्स.

भावनगरमध्ये वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर उघडलं. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डीला आणि मग १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांतल्या मुलांसाठी काम उभं केलं. महागडं साहित्य नव्हतं. बिया, खडे, शंखशिंपले हेच साहित्य. गिजुभाईंना शिक्षा मान्य नव्हतीच, पण बक्षीसही मान्य नव्हतं. ही दुसरी गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. "पोळी संपव, मग श्रीखंड" म्हणताना आपण पोळीला शिक्षा ठरवतो आणि श्रीखंडाला बक्षीस. मग मूल पोळीवर प्रेम कसं करणार?

आणि हे चालू असताना बाकीच्या शाळांत काय होतं? "छडी लागे छमछम." अंगठे धरा, कान धरून उठाबशा काढा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. पण त्या कायद्यातलं मूल सहा ते चौदा वर्षांचं. आपली पडद्यामागची चित्रकार त्यात बसत नाही. स्वीडनने १९७९ मध्येच पालकांनाही घरात मुलांवर हात उगारायला बंदी केली, असं करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे घरातली चापट अजून 'संस्कार' या नावाखाली खपते.

(दृश्य : किराणा दुकान. काउंटरवर चॉकलेटच्या बरण्या. तीन वर्षांचा मुलगा जमिनीवर लोळण घेतो.)

आता अवघड भाग. घरी नियम ठरला होता : दुकानात चॉकलेट मागायचं नाही, मागून रडलं तर सामान न घेता घरी. वडील तो पाळायला निघालेत. पहिल्या मिनिटाला रडणं. दुसऱ्याला किंचाळणं. चौथ्याला चप्पल भिरकावली. रांगेतल्या एक काकू म्हणतात, "अहो, द्या ना एखादं, केवढं ते." दुकानदार तर बरणीचं झाकण उघडून तयार.

हट्टाकडे पहिल्यांदा दुर्लक्ष झालं की हट्ट आधी वाढतो, मग उतरतो. पालक नेमके वाढलेल्या टोकाला हरतात आणि "आमच्याकडे हे चालत नाही" म्हणून सोडून देतात. सातव्या मिनिटाला चॉकलेट दिलं, तर पोरगा एवढंच शिकतो की सात मिनिटं रडावं लागतं. आणि कधी देणं, कधी न देणं तर त्याहून वाईट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतली कबुतरंही, दाणा अधूनमधून मिळत असला तर तो बंद झाल्यावरही कितीतरी वेळ कळ टोचत राहायची.

या वडिलांनी तेलाची पिशवी काउंटरवरच ठेवली, मुलाला उचललं आणि बाहेर पडले. संध्याकाळी तेलाशिवाय अडलं असणार. नियम ठरवताना हा हिशेब आधी करायचा असतो : हे मला निभावता येईल का? "कोकणात जायचंच रद्द करीन" म्हणणाऱ्याने तिकिटं आधीच काढलेली असतात. "इथेच सोडून जाईन" हे तर कधीच म्हणू नये. त्यात परिणाम कसलाच नाही, नुसती भीती आहे, आणि तीही आपल्याच माणसाची.

वेळेचंही भान हवं. तीन वर्षांच्या मुलाला "काल" म्हणजे मागचा कुठलाही दिवस, अगदी मागची दिवाळीसुद्धा. बुधवारी केलेल्या खोडीसाठी रविवारची बाग बंद केली, तर रविवारी त्याला कळतच नाही की बाग कुठे गेली. जे करायचं ते तिथल्या तिथे, थोडक्यात, आणि एकदाच. बाबा घरात शिरल्याबरोबर दिवसभराचा पाढा वाचणं म्हणजे पुसलेली भिंत पुन्हा पुसायला लावणं.

जेवणाला आमच्या मते हीच रीत बरी. ताटात काय असेल ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. नको असेल तर ताट उचलायचं. झोपताना भूक लागली तर तीच पोळी-भाजी, गरम करून. बिस्किटं नाहीत. टोमणा नाही.

(दृश्य : लग्नाचा हॉल. रोषणाई, बँड. दोन वर्षांचं मूल सतरंजीवर हातपाय आपटतंय.)

आणि इथे यातलं काहीच लागू नाही. दुपारची झोप झालेली नाही, दहा अनोळखी माणसांनी गालगुच्चे घेतलेत, स्पीकर कानाशी आहे. नातेवाईक कुजबुजतायत, "लाडावून ठेवलंय." याला नियम नको, झोप पाहिजे. कडेवर घ्या आणि निघा. आहेराचं पाकीट मावशीच्या हाती द्या, ती पोचवेल.