पट्टीवर एक रकाना वाढवा

नमस्कार मंडळी, आज भाजीबद्दल बोलूया, म्हणजे रेसिपी नाही हं. हल्ली पाकिटावर हिरवं पान काढून 'सस्टेनेबल', म्हणजे निसर्गाला न ओरबाडता पिकवलेलं, असं लिहिलेलं असतं ना, ते कोणी मोजलं, कसं मोजलं, हे दुकानदाराला विचारून बघा, तो फक्त पिशवी हवी का ते विचारेल.

आपला सगळ्यांचा ठाम समज, जवळून आलं ते चांगलं, लांबून आलं ते वाईट. किलोमीटर मोजायला सोपे ना, म्हणून तेच मोजतो. पण 2018 मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी 119 देशांतल्या 38 हजारांवर शेतांची माहिती एकत्र केली तेव्हा अन्नामुळे हवेत जाणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा निघाला 6 टक्क्यांच्या आसपास. बराचसा प्रकार शेतातच घडतो, युरियामुळे नायट्रस ऑक्साइड, गुरांच्या पोटातून मिथेन, आणि पाणी साचलेल्या भातखाचरातूनही मिथेनच.

आता बघा, कर्जतचा पावसाळी भात मुंबईच्या अगदी उशाशी, पाणी आभाळातलं, धरणावर भार नाही, पण मिथेन आहे. ऊसाचं उलटं, खाचरासारखं मिथेन नाही, पण राज्यात पिकाखालच्या जमिनीचा छोटा तुकडा ऊसाकडे आणि सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी तोच पितो, आणि साखर तर आपली लोकलच की! मग मार्क कोणाला जास्त द्यायचे? नुसते हे वायू मोजले तर एक नापास, नुसतं पाणी मोजलं तर दुसरा, म्हणून पाकिटावरच्या एकाच आकड्यावर माझा तरी विश्वास नाही.

आणि एक गोष्ट तर धड मोजलीच जात नाही. वाशी मार्केटला पहाटे टोमॅटोची गाडी लागते, माथाडी क्रेट उतरवतात, तळातला माल दबून फुटलेला, रस गळतोय, तो बाजूला काढतात आणि मग तो जातो कचऱ्यात. माल विकल्यावर शेतकऱ्याला जी हिशोबाची पट्टी मिळते तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं पै-पैशासकट असतं, पण फेकला किती? तो रकानाच नाही. त्या फुटक्या टोमॅटोचं पाणी, खत, डिझेल तर खर्च होऊन बसलेलं असतं, वर कचऱ्यात सडताना परत मिथेन. बरं, नुसतं मार्केटला बोल लावू नका, संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के आपल्यासारख्यांच्या घरातून, फ्रीजमधली काळी पडलेली कोथिंबीर आठवली ना?

मोजता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नका. युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटनिहाय नोंद होते, फवारणीची वही, लॅबची तपासणी, सगळं. त्याच तालुक्यातली द्राक्षं दादरच्या गाडीवर आली की कोणी काही विचारत नाही, कारण तिकडचा गिऱ्हाईक विचारतो आणि भावही देतो. आपण इकडे रकाना वाढवा म्हणायचं आणि त्याचा खर्च परत शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापायचा, एवढं तेवढं करू नका म्हणजे झालं.